छताखालचे छत : हौस किती, गरज किती

धुळ्याला देवपुरात आमची आपा राहते. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या निकाहाच्या आधी तिने सगळ्या घराला फॉल्स सीलिंग करून घेतले. हॉल, दोन बेडरूम, जिन्यावरचा पॅसेज, सगळे मिळून साधारण साडेसहाशे चौरस फूट. वलीम्याला आलेल्या पाहुण्यांनी मान वर करकरून पाहिले, फोटो काढले. आम्हीही काढले. घर खरोखर देखणे दिसत होते.

ऑगस्टमध्ये तीन दिवस सलग पाऊस लागला. बेडरूमच्या कोपऱ्यात आधी चहाच्या बशीएवढा पिवळा डाग आला. दूल्हेभाई म्हणाले, दमटपणा असेल, वाळेल. चौथ्या दिवशी पहाटे फजरच्या वेळी त्या कोपऱ्यातला बोर्ड पाण्यासकट खाली आला, थेट पलंगाच्या उशाशी. सूनबाई पोटुशी होत्या. नमाजासाठी पाचच मिनिटांपूर्वी त्या उठून वुजूला गेल्या होत्या. कोणाला ओरखडाही आला नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण आपा आजही त्या खोलीत शिरताना आधी वर पाहते.

ठेकेदाराला बोलावले. तो आला आणि म्हणाला, "आपा, स्लॅब गळतो त्याला मी काय करू? माझे काम सीलिंगचे होते." त्याचे म्हणणे आम्हाला तेव्हा फार लागले. नंतर विचार केला तर त्यात चूक काढता येईना. बावीस वर्षांचा स्लॅब, वरच्या कोब्याला भेगा. काम सुरू करण्याआधी गच्चीवर कोणीच चढून पाहिले नव्हते. ठेकेदाराने विचारले नाही आणि घरच्यांनी सांगितले नाही. सगळ्या कामाला रंग, दिवे धरून एक लाख बारा हजार गेले होते, त्यातले चाळीस हजार हातउसने. आता वर गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि खाली दुरुस्ती. धाकटीच्या फार्मसीच्या फीचा हप्ताही त्याच महिन्यात होता. आपाने कानातले झुमके मोडले.

हे सगळे लिहायला आपाची परवानगी घेतली आहे. "लिहा," म्हणाली, "निदान दुसऱ्या कोणाचे झुमके वाचतील." यंदा आमच्याच घरी हा विषय निघाला, आणि गेले काही महिने बऱ्याच भगिनी हेच विचारत आहेत की फॉल्स सीलिंगला किती खर्च येतो, कोणते चांगले, करावे की नाही. म्हणून या वेळी घरखर्चाच्या वहीतले हेच पान उघडतो.

छताखाली दुसरे छत ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. खानदेशातली जुनी घरे धाब्याची. सागाची खांडे, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा थर. त्या मातीची धूळ आणि कधीमधी एखादा विंचू खाली पडू नये म्हणून आमच्या नानीच्या बैठकीत छतगिरी बांधलेली असे, म्हणजे छताखाली चारही बाजूंनी ताणून बसवलेले पांढरे कापड. ईदच्या आधी ती सोडायची, झटकायची, धुवायची आणि पुन्हा बांधायची. उतरवली की वरची खांडेही पाहून व्हायची, कुठे वाळवी लागली, कुठे माती ओलसर आहे. वर्षातून एकदा छताची तपासणी आपोआप होत असे. आजचे सीलिंग एकदा ठोकले की पंधरा वर्षे वर काय चालले आहे ते दिसत नाही, आणि आपाच्या घरी नेमके तेच झाले.

आमचे घर जळगावला, मेहरूणकडे. पुढचे बांधकाम स्लॅबचे, मागे एक पत्र्याची खोली, जिथे अम्मी असतात. भिशीचे साठ हजार हाती आले होते आणि धाकट्याच्या निकाहाची बोलणी चालू होती. मुलांचे म्हणणे, सगळ्या घराला सीलिंग करू. मोबाइलवर फोटो तयारच होते, त्यात तीन-तीन पायऱ्यांची, मधे गोल, गोलात झुंबर अशी छते. अब्बांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "गच्चीवर कोण जाऊन आले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गच्चीच्या पन्हाळीची तोंडे पाला-कचऱ्याने बुजलेली, कठड्याच्या कडेने दोन लांब भेगा, आणि टाकीखाली कायमची ओल. पन्हाळी बंद करून आम्ही गच्चीवर दोन-तीन इंच पाणी भरले आणि तीन दिवस ठेवले. खाली हॉलच्या एका कोपऱ्यात दुसऱ्याच दिवशी ओल उतरली. ही परीक्षा फुकट आहे, फक्त पाणी लागते (जळगाव-धुळ्यात पाण्याचा दिवस पाहून करावी लागते, हे खरे). स्लॅब फारच जुना आणि वाकलेला वाटत असेल तर पाणी भरण्याआधी जाणकाराला दाखवा. शक्यतो एक अख्खा पावसाळा काढून कोरडेपणाची खात्री करावी आणि मगच खाली सीलिंगचा विचार करावा. ईदच्या किंवा निकाहाच्या तोंडावर घाई होते, कारागीरही तेव्हा चार घरी एकदम काम घेतात, आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते.

आता उकाड्याबद्दल. खानदेशात सीलिंगचे पहिले कारण म्हणून तेच सांगितले जाते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणे आपल्याला नवीन नाही. सीलिंगने खोली थंड होते का? थोडी होते. तापलेल्या स्लॅबची धग थेट अंगावर येत नाही, मधल्या हवेच्या थराची आड होते. पण स्लॅब तापायचा तो तापतोच. दिवसभर साठलेली उष्णता तो रात्री खाली सोडतो, आणि मधली हवा कोंडलेली असेल तर तीही तापून बसते. ऊन जिथे पडते तिथेच ते अडवले तर फायदा जास्त आणि खर्च कमी. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला की स्लॅब मुळात कमी तापतो. ही काही घरगुती समजूत नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी शहराचा आराखडा केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे काम त्यात घेतले. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडे धोरणाची वाट पाहायची गरज नाही. एक पोते चुना, चिकटण्यासाठी थोडा डिंक आणि एका सकाळचे काम. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो, एवढेच.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी पत्र्याखाली झोपतो तेव्हा काय हाल होतात, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. अशा खोलीत छताखालचे छत हौसेचे राहत नाही. लोक आपापल्या परीने करतातच, कोणी साड्या बांधतो, कोणी चटया, कोणी थर्माकोल लावतो. थर्माकोल मात्र लावू नका, ही आमची हात जोडून विनंती. तो आग पटकन पकडतो आणि वितळून जळते थेंब खाली पडतात. वर विजेची तार आणि खाली गॅस असलेल्या खोलीत तो नकोच.

घरात हा हिशेब मांडायला बसलो तेव्हा आम्हालाच थोडी लाज वाटली. साठ हजारांचा पहिला विचार हॉलचा झाला होता, जिथे पाहुणे तासभर बसतात. अम्मी मागच्या खोलीत दुपारभर ओला टॉवेल अंगावर घेऊन पडतात, तो विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. अम्मी स्वतः म्हणाल्या, "मेरे कमरे को क्या करना, पहले हॉल कर लो, लोग आएंगे." धाकट्यानेच मग फोटोंचा मोबाइल बाजूला ठेवला. क्रम ठरला. आधी गच्ची, मग अम्मींची खोली, आणि उरलेल्या पैशांत हॉल. बेडरूमना काही नाही.

गच्चीच्या भेगा भरणे, कडेची गोलाई नव्याने करणे, पन्हाळी मोकळ्या करणे आणि वर पांढरा थर, यांचे चौदा हजार झाले.

अम्मींची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. इथे आम्ही जिप्सम बोर्ड घेतला नाही. पत्र्याच्या खिळ्यांतून पावसाळ्यात दोन-चार थेंब येतातच आणि जिप्समला पाणी अजिबात चालत नाही. सिमेंट फायबरचा बोर्ड घेतला. तो जड असतो, पण ओल सहन करतो. लावताना एक गोष्ट पाहिली आणि तुम्हीही पाहा. सांगाडा पत्र्याला टांगायचा नाही, पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला टांगायचा. पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये जवळजवळ फूटभर जागा ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत जाळी लावलेली भोके ठेवली, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि उंदीर शिरत नाहीत. पत्र्याला वरून पांढरा रंग. बोर्डाचा दर ९५ रुपये फूट पडला, म्हणजे ११,४०० रुपये.

हॉलच्या वेळी मात्र आमची खरी शाळा झाली, आणि बहुतेक घरांत पैसे इथेच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचा हॉल बारा बाय पंधरा, १८० चौरस फूट. स्लॅबची उंची फरशीपासून पावणेदहा फूट. सगळा हॉल झाकला तर छत सात-आठ इंच खाली येणार. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फुटांहून किंचित जास्त असावी. आमची जेमतेम त्या रेषेवर आली असती, आणि पंखा अजून खाली. पंख्याची पाती आणि छत यांच्यात निदान एक फूट अंतर नसेल तर पंख्याला वरून हवा मिळत नाही, तो नुसता फिरतो. म्हणून ठरले की फक्त चारही बाजूंनी दोन फुटांची बॉर्डर करायची आणि मधला स्लॅब तसाच उघडा ठेवून पांढरा रंगवायचा. पंखा आपल्या मूळ हुकावर, आपल्या मूळ उंचीवर. ज्यांच्या घरी स्लॅब नऊ फुटांवरच आहे त्यांनी फॉल्स सीलिंगचा नाद सोडलेला बरा. फोटोतल्या छतांच्या खोल्या आपल्या खोल्यांपेक्षा उंच असतात, हे फोटोत कळत नाही.

दोन ठेकेदार बोलावले. पहिल्याने दर सांगितला ६८ रुपये फूट. दुसऱ्याने ८५. घरातल्या सगळ्यांनी पहिल्याला पसंती दिली. आम्ही म्हटले, दोघांकडूनही माप कसे धरणार ते कागदावर लिहून घेऊ. उधारी-व्यवहार लिहून ठेवावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको, पण करतो कोण?

कागद आले तेव्हा चित्र उलटे झाले. पहिला माणूस सगळ्या हॉलचे माप धरत होता. मधला भाग उघडा राहणार असला तरी १८० फूट, त्याचे १२,२४० रुपये. बॉर्डरची आतली उभी कड त्याने वेगळी धरली होती, ३८ रनिंग फूट, दर ७० रुपये, म्हणजे २,६६०. आठ दिव्यांची भोके पाडायचे प्रत्येकी ४०, म्हणजे ३२०. एकूण १५,२२०. दुसरा माणूस फक्त जेवढे काम होणार तेवढेच मोजत होता. मधला आठ बाय अकराचा, म्हणजे ८८ फुटांचा भाग वजा करून ९२ फूट आडवे, आणि सहा इंच उंचीची ३८ फूट उभी कड म्हणजे १९ फूट. एकूण १११ फूट, ८५ च्या दराने ९,४३५ रुपये, भोके त्यातच. स्वस्त दराचे काम ५,७८५ रुपयांनी महाग पडत होते.

पहिला ठेकेदार लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. बाजारात दोन्ही पद्धती चालतात. पण तुम्ही दर विचारता आणि तो दर सांगतो, माप कोणीच विचारत नाही. तेव्हा पुढचे प्रश्न काम ठरवण्याआधीच विचारून टाका. उघडा भाग मोजणार का? उभ्या कडा चौरस फुटात धरणार की रनिंग फुटात? पडद्याची खाच, पंख्याची चौकट, दिव्यांची भोके वेगळी का? सांधे भरून घासून देणार की ते रंगाऱ्याने करायचे? जीएसटी दरात आहे की वर? पालकाठी कोणाची? आणि कचरा कोण नेणार? आपाच्या दारात पीओपीच्या तुकड्यांचा ढीग पंधरा दिवस पडून होता.

सीलिंगचे ९,४३५ हा तर निम्मा खर्चही नव्हता. वायरिंगचे सामान आणि मजुरी ४,२००. आठ छोटे दिवे २,२४०. बॉर्डरच्या आतून जाणारी एलईडी पट्टी आणि तिचे ड्रायव्हर २,६००. मग पुट्टी, प्रायमर, रंग. बॉर्डर रंगवली की भिंती मळकट दिसू लागतात, म्हणून हॉलच्या भिंतीही आल्या, सगळे मिळून ५,५००. बेरीज २३,९७५. म्हणजे सीलिंगचा वाटा शंभरातले चाळीस रुपयेही नाही. बजेट करताना ठेकेदाराच्या आकड्याला सरळ अडीचने गुणा, साधारण बरोबर येते.

एकूण खर्च असा झाला : गच्ची १४,०००, अम्मींची खोली ११,४००, हॉल २३,९७५. बेरीज ४९,३७५. साठ हजारांतले १०,६२५ उरले. कोणाकडे हात पसरावा लागला नाही, हप्त्यांचे सावकारी गणित नाही. या दुकानात शून्य टक्के, त्या ॲपवर बारा हप्ते, अशा जाहिराती आता सीलिंगसाठीही दिसतात. शून्याच्या मागे लपलेली प्रक्रिया फी आणि उशिराचा दंड वाचल्याशिवाय सही करू नका. छत काही मुलाची फी नाही, एक वर्ष थांबले तर कोणाचे काही बिघडत नाही.

हे आमचे दर आहेत, आमच्या गल्लीतले आणि आमच्या घासाघिशीचे. तुमच्याकडे कमीजास्त होतील. मापाची रीत मात्र हीच धरा.

पीओपी की जिप्सम, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि आमच्या मते त्याला उगाच महत्त्व मिळाले आहे. दोन्हींचे मूळ एकच खनिज. आपल्याकडे ते मुख्यतः राजस्थानातून येते. भाजून पूड केली की प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीतल्या खाणींवरून हे नाव पडले. हीच वस्तू कारखान्यात दोन कागदांच्या मध्ये पाट्यासारखी ओतली की जिप्सम बोर्ड. पीओपी जागेवर कालवून करायचे काम, त्यात गोलाई आणि नक्षी छान येते, पण घरभर चिखल, आणि वाळायला दिवस लागतात. वाळण्याआधी रंग दिला तर पापुद्रे निघतात. बोर्डाचे काम कोरडे, दोन-तीन दिवसांत होते, पण सांध्यांवर कागदी पट्टी आणि मसाला नीट भरला नाही तर वर्षभरात सरळ रेषेत चीर दिसते. दोन्हींचा शत्रू पाणी. त्यांचा एक गुण लोकांना माहीत नसतो : जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यात बांधलेले पाणी असते, त्यामुळे आगीत ते लवकर तापत नाही. प्लायवूडच्या छतात हा गुण नाही, शिवाय आपल्याकडे वाळवी आहेच.

पीव्हीसीचे पट्टे बाथरूम-पॅसेजला ठीक, धुता येतात. स्वयंपाकघरात गॅसच्या वर नकोत आणि तापत्या पत्र्याखाली तर नकोतच, उष्णतेने वाकतात आणि आग लागली तर त्यांचा धूर विषारी.

बोर्डापेक्षा सांगाडा पाहा. सहा बाय चार फुटांचा एक बोर्ड साधारण वीस किलोच्या आसपास भरतो. आमचा हॉल पूर्ण झाकला असता तर नुसते बोर्डच दीड क्विंटल डोक्यावर लटकले असते. जस्त चढवलेले चॅनल ०.५ मिलिमीटर जाडीचे मागा. बोर्ड ज्याला ठोकतात त्या पट्ट्या दीड-दीड फुटावर हव्यात, आणि त्यांना धरणारे वरचे चॅनल चार-चार फुटांवर. ठेकेदार हे अंतर वाढवून पैसे वाचवतो. बोर्ड चढवण्याआधी एक दिवस काम थांबवा, घरातल्या कोणालाही टेप घेऊन शिडीवर चढवा आणि सगळ्या सांगाड्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुठे खिळा ठोकायचा झाला किंवा तार शोधायची झाली तर हेच फोटो कामी येतात. आमच्या धाकट्याला हे काम दिले होते. एका कोपऱ्यात त्याला दोन फुटांचे अंतर सापडले आणि कारागिराने मुकाट्याने एक पट्टी वाढवली. पंखा किंवा झुंबर सांगाड्याला कधीच टांगायचे नाही, ते थेट स्लॅबच्या हुकाला. तारा नळीतून गेलेल्या हव्यात, आणि जोड जिथे असतील तिथे हात पोहोचला पाहिजे.

कूलरबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे मार्च ते जून रात्रंदिवस कूलर चालतो. खिडकी बंद करून चालवला तर सगळी ओल खोलीतच राहते आणि ती बोर्डाच्या कागदात जाऊन बसते, काळे ठिपके येतात. बेडरूमना आम्ही सीलिंग केले नाही त्याचे हेही एक कारण. ज्यांनी केले आहे त्यांनी कूलरच्या समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. कूलरही त्यानेच नीट चालतो.

पैसे देण्याची आमची रीत अशी : सामान आल्यावर तिसरा हिस्सा, सांगाडा तपासून झाल्यावर तिसरा, बोर्ड आणि सांधे झाल्यावर उरलेले, पण त्यातले हजार रुपये रंग होऊन आठ दिवस जाईपर्यंत मागे ठेवायचे. हे सुरुवातीलाच सांगायचे, शेवटी नाही. आणि ठरलेल्या दिवशी ते हजार आपण होऊन पोहोचते करायचे. कारागिराला दोन-दोन चकरा मारायला लावणारी घरेही आपल्यातच आहेत.

आपाकडच्या दुरुस्तीत एक गोष्ट नवी झाली. प्रत्येक खोलीच्या सीलिंगला कोपऱ्यात दीड फुटाचे एक झाकण ठेवले आहे, ढकलले की वर डोकावता येते. बाळ आता दीड वर्षाचे आहे आणि त्याचा पाळणा त्याच खोलीत आहे. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आम्ही एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने धुळ्याला गेलो, तेव्हा दूल्हेभाई स्टुलावर उभे राहून टॉर्च मारत होते. आपा खालून स्टूल धरून उभी होती.

"काय दिसते?"

"धूळ," दूल्हेभाई म्हणाले, "कोरडी धूळ. आणि तुझ्या कारागिराचा विसरलेला पेचकस."